धूळपाटी, कापूस आणि झाडू

अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागातल्या एका अनाथालयाचा प्रमुख झाला. युरोपीय सैनिकांना हिंदुस्थानी स्त्रियांपासून झालेली मुलं तिथे ठेवलेली असत. शिकवणारे थोडे, त्यांचा उत्साह त्याहून थोडा, आणि कितीही घोकून घेतलं तरी लहान मुलांना अक्षरओळख होईना. एका सकाळी बेल एका मलबारी शाळेवरून चालला होता. तिथली मुलं जमिनीवर बसून वाळूत बोटानं अक्षरं गिरवत होती. त्यानं परत येऊन आपल्या मास्तरांना तसं करून बघायला सांगितलं, पण त्यांनी दाद दिली नाही. मग त्यानं आठ वर्षांच्या एका मुलाकडे खालचा वर्ग सोपवला आणि त्या मुलानं ते काम करून दाखवलं. १७९७ मध्ये बेलनं लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत छापला. मोठ्या मुलानं लहान मुलांना शिकवायचं, ही पद्धत पुढच्या काही वर्षांत इंग्लंडभर आणि तिथून युरोप-अमेरिकेत पसरली. जोसेफ लँकास्टरनं लंडनच्या बरो रोडवरच्या शाळेत एका मास्तराच्या नजरेखाली शेकडो मुलं बसवली. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात नव्या मराठी शाळा निघू लागल्या, तेव्हा हीच रीत लँकास्टरच्या नावानं, विलायतेहून आलेली सुधारणा म्हणून आपल्याकडे पोचली.

ही हकीकत ऐकली की आपली छाती फुगते. फुगायला हरकत नाही, कारण वाळूतल्या अक्षरांचा उगम बेलनं स्वतःच मान्य केला होता. पण तेवढ्यावर थांबलं तर दोन गोष्टी नजरेआड होतात. पंतोजींच्या शाळेत मुलं मोजकी असत. पंतोजी गावातलाच माणूस, त्याला घराघरांतून धान्य मिळे, सणावाराला शिधा मिळे, आणि कोणतं पोर किती पाण्यात आहे हे त्याला ठाऊक असे. मोठ्या मुलानं लहानाकडून पावकी-निमकी म्हणवून घ्यायची ही त्या ओळखीतून चालणारी गोष्ट होती. बरो रोडला पोचेपर्यंत ती कमी खर्चात जास्तीत जास्त मुलं हाताळण्याची यंत्रणा झाली. दुसरी गोष्ट अशी की, त्या यंत्रणेत लंडनच्या मजुरांची पोरं शिरली. पंतोजींच्या ओटीवर महार-मांगांच्या मुलांना जागा नव्हती आणि मुलींना, त्या कोणत्याही जातीच्या असोत, जवळपास नव्हतीच. समुद्र ओलांडताना त्या रीतीनं एक गोष्ट गमावली आणि एक कमावली. दोन्हींचा हिशोब मांडल्याशिवाय ती रीत 'आमची' की 'त्यांची' हा वाद निष्फळ आहे.

वेगवेगळ्या संस्कृतींनी शिक्षणाचा विचार कसा केला, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासाठी हे पुस्तक लिहिलं. मराठीत असा विचार दोन सुरांत होत आला आहे. एक सूर गुरुकुलांचं वैभव सांगणारा. दुसरा जपान, फिनलंड, सिंगापूर यांच्याकडे बोट दाखवून 'आपल्याकडे हे कधी होणार' असं विचारणारा. दोन्ही सुरांमागची कळकळ खरी आहे, पण दोन्हींत एक उणीव आहे. शिक्षणाचं प्रत्येक तत्त्वज्ञान त्या त्या समाजाला छळणाऱ्या प्रश्नातून निघालेलं असतं. तो प्रश्न न विचारता फक्त उत्तर उचललं, तर हाती एक तंत्र येतं आणि ते का, कुणासाठी, हे सुटून जातं. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणात मी आधी प्रश्न शोधला आहे. तो शोधताना एक कसोटी वापरली आहे आणि ती जोतीराव फुल्यांची आहे: ही शाळा सुरू झाली, तेव्हा दाराबाहेर कोण उभं होतं?

अध्यापक विद्यालयात शिकवताना मला या कसोटीची गरज पहिल्यांदा वाटली. डी.एड.च्या मार्गदर्शकांत एक तक्ता हमखास असतो. डाव्या रकान्यात शिक्षणतज्ज्ञ, उजव्या रकान्यात त्यांचा विचार: फ्रोबेल, बालोद्यान; ड्यूई, कृतीतून शिक्षण; गांधीजी, मूलोद्योग; टागोर, निसर्गाच्या सान्निध्यात शिक्षण. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात, शिक्षक होतात. त्या तक्त्यात कुठेही साल नसतं, गाव नसतं, भांडण नसतं. जणू ही सगळी थोर माणसं एकाच वर्गात बसून एकाच प्रश्नपत्रिकेची उत्तरं लिहीत होती.

जॉन ड्यूई यांचंच बघा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते १९०४-०५ पासून शिकवत होते. १९१३ ते १९१६ या काळात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन गेलेले भीमराव आंबेडकर तिथे त्यांच्या तासांना बसत. १९१५ च्या सुमाराला चीनचे हू शी आणि ताओ शिंगझी हे दोन तरुण तिथेच आले. तिघेही विशीत, आपापल्या देशाच्या अवस्थेनं अस्वस्थ. ड्यूईंचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला, म्हणजे हा विचार घडत असताना हे तिघे त्याच्या जवळपास होते. लोकशाही ही केवळ राज्य चालवायची पद्धत नसून एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, आणि शाळा म्हणजे त्या जगण्याचं छोटं रूप, हा त्याचा गाभा. अमेरिकेत तेव्हा कारखाने वाढत होते, गावं ओस पडत होती, देशोदेशींचे स्थलांतरित शहरांत येऊन पडत होते. घराच्या परसात, शेतावर, सुताराच्या दुकानात मूल पूर्वी सहज जे शिकत होतं, ते त्याच्या नजरेसमोरून नाहीसं झालं होतं. ड्यूईंचा प्रश्न तो होता.

हू शी यांनी चीनमध्ये परत जाऊन बोलीभाषेतून लिहिण्याची चळवळ उभी केली. ड्यूई स्वतः १९१९ च्या एप्रिलअखेर शांघायला उतरले आणि काही दिवसांतच ४ मेचं विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. ते १९२१ च्या जुलैपर्यंत तिथे राहिले, गावोगाव व्याख्यानं देत फिरले. पण ड्यूईंच्या विचारावर खरं काम केलं ते ताओ शिंगझी यांनी, आणि ते त्याला उलटा करून. शाळेत जीवन आणायचं, हे गुरूचं म्हणणं. ताओंच्या देशातली बहुसंख्य माणसं खेड्यांत, निरक्षर, शाळेच्या वाऱ्यालाही न उभी राहिलेली. तिथे जीवन शाळेत आणणार तरी कुठल्या शाळेत? त्यांनी म्हटलं, जीवन हेच शिक्षण आणि समाज हीच शाळा. १९२७ मध्ये नानजिंगबाहेर शियाओझुआंग इथे त्यांनी खेड्यांतल्या शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढलं. तिथले विद्यार्थी शेत करत, स्वयंपाक करत, शेजारच्या शेतकऱ्यांबरोबर राहत. १९३० मध्ये सरकारनं ते बंद पाडलं. पुढे ताओंनी 'छोटे शिक्षक' ही कल्पना काढली. शाळेत चार अक्षरं शिकलेल्या मुलानं संध्याकाळी आजीला, शेजाऱ्याला, गुराख्याला ती शिकवायची. मद्रासच्या अनाथालयातला आठ वर्षांचा मास्तर इथे पुन्हा भेटतो, पण त्याचं काम बदललेलं आहे. तो वर्ग सांभाळत नाही, शाळा दाराबाहेर थांबलेल्यांपर्यंत घेऊन जातो.

आंबेडकरांनी काय केलं? त्यांनी ड्यूईंची शाळा इथे काढली नाही. कृतीतून शिक्षण, प्रकल्प, हस्तकौशल्य यांतलं काही त्यांच्या कामात ठळकपणे दिसत नाही. त्यांनी घेतला तो लोकशाहीचा अर्थ. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते ड्यूईंचा आपले गुरू म्हणून उल्लेख करतात आणि त्यांचा एक मुद्दा हिंदू समाजापुढे ठेवतात: समाजानं वारशानं आलेलं सगळंच्या सगळं पुढच्या पिढीला द्यायचं नसतं, उद्याचा समाज ज्यानं चांगला होईल तेवढंच द्यायचं असतं. अमेरिकेत हा विचार अभ्यासक्रमाविषयी होता. इथे तो जातीविषयी झाला. १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी आकडे मांडले, की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघालं, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. वसतिगृह आणि महाविद्यालय: एकानं शाळेपर्यंत पोचवायचं, दुसऱ्यानं जिथे कधी कुणी पोचू दिलं नव्हतं तिथपर्यंत. तक्त्याच्या उजव्या रकान्यात 'कृतीतून शिक्षण' एवढंच लिहिणाऱ्याला ड्यूईंचा हा सर्वांत मोठा भारतीय विद्यार्थी दिसणारच नाही.

आता कापूस. ड्यूईंनी १८९६ मध्ये शिकागोला प्रयोगशाळा-विद्यालय काढलं. तिथल्या मुलांच्या हाती कच्चा कापूस आणि लोकर दिली जाई. एका गटानं बोंडातून, सरकीतून तंतू हातानं सोडवायचा प्रयत्न केला. अर्धा तास खपून एक औंसही कापूस निघाला नाही. मग मुलांना उमगलं, की पूर्वी लोक लोकरीचे कपडे का वापरत आणि सरकी काढायचं यंत्र आल्यावर जग का बदललं. कापसाच्या त्या मूठभर तंतूंतून इतिहास, भूगोल, यंत्रविद्या, व्यापार असं सगळं उलगडत जाई. शिकागोच्या त्या मुलांपैकी कुणालाही पुढे सूत कातून पोट भरायचं नव्हतं, आणि प्रयोगाचं सौंदर्य आणि मर्यादा दोन्ही त्यातच होत्या.

चाळीस वर्षांनी तोच कापूस वर्ध्याला आला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे शिक्षण परिषद भरली. गांधीजींचा प्रश्न वेगळा होता. देश कंगाल, नव्या प्रांतिक सरकारांकडे पैसा नाही, दारूबंदी करायची म्हणजे अबकारीचं उत्पन्नही बुडणार, आणि शाळा शिकलेला मुलगा हातानं काम करायला लाजतो. मग शाळेनंच आपला खर्च हस्तोद्योगातून का भागवू नये? झाकीर हुसेन समितीनं जी योजना आखली, तिच्यात साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला तीन तास वीस मिनिटं दिली होती. गणित टकळीवरच्या सुतातून, भूगोल कापसाच्या प्रदेशातून, समाजशास्त्र विणकराच्या घरातून शिकवायचं. कागदावर शिकागो आणि वर्धा यांत फारसा फरक दिसत नाही. पण शिकागोच्या मुलानं काढलेल्या कापसाची किंमत कुणी विचारत नव्हतं. वर्ध्यात ती विचारली जाणार होती. झाकीर हुसेन यांनी त्या परिषदेतच सावध केलं होतं, की स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक गरीब मुलांकडून राबवून घेणारे मुकादम होतील. योजनेचा आराखडा करणाऱ्यानंच योजनेतला धोका आधी बोलून दाखवावा, याबद्दल मला त्या माणसाविषयी कायम आदर वाटत आला आहे.

फुल्यांची कसोटी इथे लावली की आणखी एक गोष्ट दिसते. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटलं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. वरून ज्ञान खाली झिरपेल हा भरवसा त्यांनी साफ नाकारला. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं मागणं केलं. खेड्यातल्या शाळेत त्यांना शेतीचं ज्ञान हवं होतं, नमुन्याचं शेतही हवं होतं. पण त्याबरोबर मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशोब, व्याकरण, इतिहास-भूगोल, आरोग्य हे सारं हवं होतं. हिशोब येत नाही म्हणून सावकार लुबाडतो आणि कागद वाचता येत नाही म्हणून कुलकर्णी फसवतो, हे ज्यांनी जवळून पाहिलं त्यांची ती मागणी होती. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हातच राबले, त्या घरच्या मुलाला शाळेनं पुन्हा हातकामच पुढे केलं तर त्याला त्यात श्रमप्रतिष्ठा दिसेल की जुनाच निकाल? माझ्या मते वर्ध्याची ही योजना, म्हणजे नई तालीम, महाराष्ट्रात रुजली नाही याचं मोठं कारण हे आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी जुन्या शाळांच्या पाट्यांवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' हे शब्द अजून आहेत. आत टकळी नाही.

याच मातीत श्रमाचा तिसरा अर्थही निघाला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत आणि खर्च भागवण्यासाठी शेतात, बांधकामावर राबत. 'कमवा आणि शिका' यातला घाम हा अभ्यासक्रम नव्हता, ती फी होती. ज्याच्या बापाकडे पैसा नाही त्यानं अंगमेहनतीनं ती भरायची आणि मग तेच भूमिती, तेच इंग्रजी शिकायचं जे पुण्यातला वकिलाचा मुलगा शिकतो. तीन ठिकाणी मुलांच्या हातांना काम दिलं गेलं आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण या तुलनेला दिलं आहे, आणि ते आणखी मोठं व्हायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

जपानविषयी आपल्याकडे बोलबाला आहे तो झाडूचा. जपानी मुलं स्वतःचा वर्ग, व्हरांडा, कधी स्वच्छतागृहसुद्धा स्वतः साफ करतात, पांढरे अंगरखे घालून एकमेकांना जेवण वाढतात, असे व्हिडिओ शिक्षकांच्या गटांवर फिरत असतात. त्यांतलं चित्र खरं आहे. तिथे ही कामं पाळीपाळीनं सगळ्यांना येतात आणि शिक्षकही हात लावतात. ती अभ्यासाइतकीच शिक्षणाचा भाग मानली जातात. आपण हे घ्यायचं म्हणतो तेव्हा झाडूला आपल्याकडे जात आहे, हे विसरतो. वर्ग झाडायला मुलींना आणि स्वच्छतागृह धुवायला ठरावीक वस्तीतल्या मुलांना पाठवलं, अशा बातम्या आपण वाचत आलो आहोत. पाळीच्या तक्त्यात सगळ्यांची नावं, सरपंचाच्या मुलासकट, आली आणि गुरुजींचंही आलं, तर तीच गोष्ट इथे जपानपेक्षाही मोठं काम करील. पाळीचा तक्ता नसेल तर तो उपक्रम नको.

जपानकडून घेण्यासारखी त्याहून मोठी गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स स्टिगलर यांनी १९७९ च्या सुमाराला जपानमधल्या चौथीच्या एका वर्गात पाहिलेला प्रसंग सांगितला आहे. मुलं कागदावर घनाची त्रिमिती आकृती काढत होती. एका मुलाला ती जमेना. शिक्षकानं त्यालाच फळ्याशी बोलावलं. तो काढत राहिला, थोड्या थोड्या वेळानं शिक्षक वर्गाला विचारत, बरोबर झालं का? मुलं माना हलवून नाही म्हणत, तो पुन्हा काढी. पाहणाऱ्या स्टिगलरनाच घाम फुटला, आता हा मुलगा रडणार म्हणून. तो रडला नाही. तासाच्या शेवटी आकृती जमली, वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि तो जागेवर जाऊन बसला. स्टिगलर आणि हॅरॉल्ड स्टीव्हन्सन यांनी मिनियापोलिस, सेंदाई आणि तैपेई इथल्या शाळांचा आणि पालकांचा अभ्यास केला, तेव्हाही फरक इथेच दिसला. पूर्व आशियातल्या आया मुलाच्या यशाचं श्रेय त्याच्या कष्टाला देत, अमेरिकी आया त्याच्या उपजत बुद्धीवर अधिक भर देत.

आपल्या वर्गात फळ्याशी कुणाला बोलावतात? ज्याला येतं त्याला. ज्याला येत नाही त्याला बोलावलं तर त्याची शोभा करायला. 'ढ' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो एखाद्या मुलाविषयीचा अंतिम निकाल आहे हे लक्षातही येत नाही. प्रयत्नांती परमेश्वर असं आपणही म्हणत आलो आहोत, पण त्याच्याच शेजारी बुद्धी कुळातून येते ही समजूत घट्ट बसली आहे, आणि ज्या कुळांकडे ती नाही असं ठरवून टाकलं, त्यांच्या मुलांना त्या समजुतीनं शतकानुशतकं मागे ठेवलं. पूर्व आशियाच्या कष्टपूजेला दुसरी काळी बाजू आहे, ती मी लपवलेली नाही. चीनमध्ये सातव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली आणि १९०५ मध्ये बंद झालेली राजसेवेची परीक्षा तेराशे वर्षं घराघरांतल्या मुलांना रात्र रात्र जागवत होती. तिची सावली आजच्या महाविद्यालय-प्रवेश परीक्षेवर आहे. २०२१ मध्ये चीन सरकारला खासगी शिकवण्यांवर कठोर निर्बंध घालावे लागले. कष्टानं सगळं साधतं असं मानलं, की न साधलेल्या मुलाचा दोषही त्याच्याच माथी येतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा पाचवा-सहावा प्रयत्न देणाऱ्या मुलामुलींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

फिनलंडचा मामला थोडक्यात आटोपतो. तिथे गृहपाठ कमी, परीक्षा कमी, मूल सातव्या वर्षी शाळेत, शिक्षक पदव्युत्तर शिकलेला, हे सर्वांना पाठ झालं आहे. त्याआधी काय घडलं ते कुणी सांगत नाही. दहा-अकराव्या वर्षी मुलांची दोन वाटांत विभागणी करणारी जुनी व्यवस्था त्यांनी मोडली, सर्वांसाठी एकच शाळा केली आणि ती १९७२ मध्ये उत्तरेच्या लॅपलंडपासून सुरू करून राजधानीकडे सर्वांत शेवटी, १९७७ मध्ये आणली. दूरच्या आणि गरीब भागाला पहिली पाळी. आपल्याकडे कोणतीही सुधारणा उलट दिशेनं प्रवास करते. फिनलंडहून काही आणायचंच असेल तर हा क्रम आणावा.

उसनं घेतलेलं इथलं कसं होतं, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण पालघर जिल्ह्यातलं आहे. मारिया माँटेसरी यांनी पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या मजूर वस्तीत उघडलं. आईबाप कामावर, लहान मुलं दिवसभर चाळीत मोकाट, भिंती रंगवताहेत, मोडतोड करताहेत; इमारतींच्या मालकांनाच त्यांची सोय हवी होती. गरिबांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धत आपल्या शहरांत येऊन महागड्या लाकडी साहित्याची आणि भरमसाट फीची झाली. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं होतं, त्यांना ही पद्धत आतून ठाऊक होती. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, कारण लहान भावंडं सांभाळायची आणि गुरं राखायची कामं त्यांच्याकडे. मग दोघी पाड्यावर गेल्या, कुणाच्या तरी अंगणात शाळा भरली; तीच अंगणवाडी. थोडी मोठी मुलं गुरांमागे जात, म्हणून शाळाही कुरणात गेली; तिला कुरणशाळाच म्हणत. रंगीत मणी आणि घासून गुळगुळीत केलेले ठोकळे यांच्या जागी बिया, खडे, पानं, काटक्या आल्या. लहान-मोठं, कमी-जास्त, खरखरीत-मऊ हे सगळं त्यांतून शिकता येत होतं. माँटेसरींचा विचार काडीइतकाही पातळ झाला नाही, उलट सान लोरेन्झोच्या वस्तीत तो ज्यांच्यासाठी निघाला होता तशाच मुलांना पुन्हा सापडला. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं.

बाकीच्या प्रकरणांविषयी इथे फार लिहीत नाही. १८४४ मध्ये रोडिंगला निघालेलं डेन्मार्कचं पहिलं लोकविद्यापीठ, जिथे शेतकऱ्यांची तरुण मुलं परीक्षेविना शिकत. १९०१ मध्ये पाच मुलांनिशी सुरू झालेलं रवींद्रनाथांचं शांतिनिकेतन. १९६३ मध्ये ब्राझीलच्या अँजिकोसमध्ये तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांत साक्षर करणारे पाउलो फ्रेरे. १९६७ मध्ये टांझानियाच्या शाळांना शेतं जोडू पाहणारे ज्युलियस न्येरेरे. न्येरेरे यांचं प्रकरण वर्ध्याच्या प्रकरणानंतर लगेच वाचावं, अशी विनंती आहे.

पद्धतीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तुलना करणारा बहुधा उंच जागी उभा राहून दोन्हीकडे पाहतो. जोसेफ टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात वेगळा मार्ग काढला. जपान, चीन आणि अमेरिका इथल्या एकेका बालशाळेतला एक दिवस त्यांनी चित्रित केला आणि प्रत्येक चित्रफीत तिन्ही देशांतल्या शिक्षकांना दाखवली. क्योटोच्या शाळेत एक दांडगट मुलगा इतरांना त्रास देतो आणि बाई मध्ये पडत नाहीत. अमेरिकी शिक्षक हे बघून अस्वस्थ झाले. जपानी शिक्षकांचं म्हणणं असं, की बाई लगेच धावल्या तर बाकीची मुलं एकमेकांना सावरायला कधी शिकणार? एका वर्गात तीसेक मुलं असणं अमेरिकनांना गैरसोयीचं वाटलं, जपान्यांना ते शिक्षणासाठीच हवं होतं. दुसऱ्यानं आपल्याकडे पाहिलं की आपल्या सवयींना कारणं द्यावी लागतात. मला चित्रफिती मिळणं शक्य नव्हतं. पण या पुस्तकातली प्रकरणं लिहिताना मी ती मराठी शाळांतल्या शिक्षकांना वाचून दाखवली आणि त्यांच्या शंका, त्यांचा रागसुद्धा, मजकुरात ठेवला आहे.

शेवटचं प्रकरण शाळा नसलेल्या शिक्षणाविषयी आहे आणि ते लिहिणं सर्वांत अवघड गेलं, कारण तशा रीतीनं शिकणाऱ्या समाजांनी आपलं तत्त्वज्ञान ग्रंथांत मांडलेलं नाही. बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया लोकांमध्ये दीर्घकाळ काम केलं. तिथली मुलं मोठ्यांच्या कामात वावरतात, पाहतात, हाताशी येईल तेवढं करू लागतात. कुणी वेगळं बसवून शिकवत नाही. त्यांच्या एका अभ्यासात दोन भावंडांपैकी एकाला खेळणं कसं करायचं ते शिकवलं जात होतं आणि दुसऱ्याला जवळच थांबायला सांगितलं होतं. काही दिवसांनी त्या थांबलेल्या मुलाला तेच खेळणं करायला दिलं. पारंपरिक माया घरांतल्या मुलांनी, आपल्याला शिकवलं जात नसतानाही, भावंडाकडे लक्ष देऊन पाहिलं होतं आणि त्यांना नंतर मदत कमी लागली. अमेरिकी मध्यमवर्गीय मुलांनी तेवढं लक्ष दिलं नव्हतं. आपली पाळी नाही म्हटल्यावर ती दुसऱ्याच कशात रमली. आणि ज्या माया मुलांच्या आया बरीच वर्षं शाळेत गेल्या होत्या, ती या दोन गटांच्या मधे पडत होती. शाळा काय देते याचा हिशोब आपण सगळे मांडतो. ती काय घेऊन जाते, हे पाहायला या प्रकरणात मी भातलावणी, मासे वाळवणं आणि वारली घरातलं भिंतीचं लिंपण यांच्याकडे वळलो आहे. वर्गावर शिकवणाऱ्यांनी पुस्तक या प्रकरणापासून वाचायला घेतलं तरी चालेल. आधीची सगळी प्रकरणं शाळा असणार हे गृहीत धरून लिहिलेली आहेत.